हद्दीचा वाद: मोजणीपासून तडजोडपत्रापर्यंत

शेजाऱ्याचे नवे कुंपण आपल्या जागेत आले आहे असे दिसताच त्याला जाब विचारावासा वाटणे स्वाभाविक आहे; परंतु त्याआधी वाद नेमका कशाचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. हद्द कोठे आहे हा एक वाद, शेजारच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा किंवा पाणी वाहून नेण्याचा हक्क आहे की नाही हा दुसरा, आणि झाडाची मुळे, ओल किंवा धूर यांमुळे होणारा उपद्रव हा तिसरा. या प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा असतो, आणि तिन्ही एकाच तक्रारीत कोंबले की समोरच्याला सर्वांत दुबळा मुद्दा धरून सगळीच तक्रार खोडून काढता येते.

त्यानंतर कागद काढावेत. आपले खरेदीखत, शक्य असल्यास त्याआधीची खरेदीखते, मोजणीचा नकाशा आणि बांधकामाचा मंजूर नकाशा शेजारी शेजारी ठेवून चतुःसीमेचे वर्णन आणि लांबी-रुंदीचे आकडे ताडून पाहावेत. मात्र नकाशावरील रेषेवर अवाजवी भरवसा ठेवू नये. एकास एक हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर अर्धा मीटर व्यापते, आणि कुंपणाचे कितीतरी वाद एवढ्याशाच पट्ट्यावरून होतात. इंग्लंड व वेल्समध्ये तर नोंदणी नकाशातील सीमा स्वतंत्रपणे निश्चित करून घेतलेली नसेल, तर ती केवळ ढोबळ सीमा मानावी, असे २००२ चा भूनोंदणी कायदाच सांगतो. म्हणून अधिकृत मोजणी हवीच, आणि ती शेजाऱ्याला आगाऊ कळवून, त्याच्या समक्ष झालेली बरी. एकट्याने करून घेतलेल्या मोजणीवर पुढे हमखास आक्षेप येतो. छायाचित्र घेतानाही जुना हद्दीचा दगड, त्याला लावलेली टेप आणि टेपचे दुसरे टोक टेकलेले कुंपण, हे सारे एकाच चौकटीत यावे आणि टेपवरचा आकडा वाचता यावा.

आता बोलावे. बोलणे झाल्यावर त्याच दिवशी साध्या भाषेत पत्र द्यावे आणि पोहोच घ्यावी: ‘आपल्या कुंपणाची उत्तर बाजू माझ्या खरेदीखतातील मापाशी जुळत नाही, असे मला आढळले आहे. पंधरा दिवसांत आपण दोघांनी मिळून मोजणी करून घ्यावी, अशी विनंती आहे.’ यात आरोप नाही, पण हरकत कोणत्या तारखेला घेतली याचा पुरावा आहे.

ही तारीख फार मोलाची असते, कारण गप्प राहण्याने हक्क जाऊ शकतो. भारतात १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, मालकीच्या आधारे ताबा परत मिळवण्याचा दावा समोरच्याचा ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून १२ वर्षांत करावा लागतो. तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार खासगी जमिनीवरून २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने केलेली वहिवाट कायम होऊ शकते. येथे ‘हक्काने’ हा शब्द निर्णायक आहे. परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क उत्पन्न होत नाही; म्हणून आपण आपुलकीने वाट दिली असेल, तर ती परवानगीने दिली आहे एवढी एक ओळ लिहून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. यात अविश्वास नाही, आणि पुढच्या पिढीचे भांडण टळते, असे मला मनापासून वाटते.

कुंपण स्वतः पाडू नये. अन्याय झालेला माणूसही त्यामुळे आरोपी ठरू शकतो. बांधकाम चालू असेल, तर वकिलामार्फत तात्पुरत्या मनाई हुकुमासाठी विनाविलंब अर्ज करावा. प्रथमदर्शनी बाजू बळकट आहे का, हुकूम न दिल्यास कोणाची अधिक गैरसोय होईल आणि होणारे नुकसान पैशाने भरून निघेल का, या तीन गोष्टी न्यायालय पाहते. उशीर केल्यास तिन्ही बाबतींत आपली बाजू लंगडी पडते.

दावा दाखल झाला तरी मध्यस्थीचा मार्ग खुलाच राहतो, आणि माझ्या मते हद्दीच्या वादात तोच अधिक उपयोगाचा आहे. न्यायालय रेषा ठरवून देईल. पण कुंपणाचा खर्च कोणी किती उचलायचा, झाडाच्या फांद्या वर्षातून केव्हा छाटायच्या, दुरुस्तीसाठी शेजारच्या अंगणात किती दिवस आधी सांगून उतरायचे, हे दोघांनाच ठरवता येते. तडजोड झाल्यावर ती वकिलाकडून लिहून घ्यावी, कायद्याने आवश्यक असेल तेथे तिची नोंदणी करावी आणि दावा चालू असल्यास तिच्या आधारे हुकूमनामा मागावा, कारण तोंडी समझोता घर विकत घेणाऱ्या नव्या मालकावर बंधनकारक ठरेलच असे नाही. तडजोडपत्राला मापांसह नकाशा जोडावा, त्याच्या प्रत्येक पानावर दोघांनी सही करावी, खुणेचे दगड दोघांच्या समक्ष रोवावेत आणि एकेक प्रत आपापल्या खरेदीखतासोबत ठेवावी.