अ‍ॅप काढलं तरी पैसे कापले जातात: सबस्क्रिप्शन बंद करताना या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या मावशीने नातवासाठी एक रुपयात ट्रायलवर अभ्यासाचं अ‍ॅप घेतलं. आठवड्यात नातू कंटाळला, मावशीने अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. चार महिन्यांनी पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं, दर महिन्याला ४९९ रुपये गेले होते.

अ‍ॅप काढणं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द करणं असं समजणं, हीच सगळ्यात मोठी चूक. तिच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडलं, तर मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, जसाच्या तसा चालू. तिथूनच तो रद्द केला. कार्डवरचा असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा वेबसाइटवरून करता येतो. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर तिथल्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये बघा.

दुसरी चूक मेसेज न वाचण्याची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. मावशीच्या फोनमध्ये चारही मेसेज होते, ऑफरच्या ढिगात दबलेले. एक लक्षात ठेवा, १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी ओटीपी न मागताच जातो.

नुसता मँडेट थांबवून गप्प बसू नका, कंपनीकडेही रद्द करा, नाहीतर ती थकबाकी दाखवू शकते. फोनवर 'हो मॅडम, झालं' ऐकून तर अजिबात समाधान मानू नका. ईमेल करा, स्क्रीनशॉट ठेवा. पुढे तेच कामाला येतं.

रद्द करायचं बटण सापडतच नसेल, तर दोष तुमचा नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'ला मनाई आहे. रद्द करणं किचकट करणं, पर्याय लपवणं, इतकंच काय, फुकट ट्रायलसाठी ऑटो डेबिटची परवानगी घ्यायला भाग पाडणंही त्यात येतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण माणसं लाजून तक्रारच करत नाहीत.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्ही नाशिकला राहता म्हणून नाशिकच्याच आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

मँडेट रद्द केल्यावरही पैसे गेले तर बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.