कोल्हापूरच्या पावसात माईनमूळ

माईनमूळ ही तुळशीच्या कुळातील, मूळची आपल्याच देशातली बहुवर्षायू वनस्पती असून ती सहसा दीड-दोन फुटांपेक्षा उंच होत नाही. चौकोनी खोड, लवदार जाडसर पाने आणि निळसर जांभळ्या फुलांचे तुरे यांवरून ती ओळखता येते. पानओव्याशी तिची गल्लत होत असल्याने रोप घेताना पान चुरगळून पाहावे. ओव्याचा उग्र वास आला, तर ते माईनमूळ नव्हे.

निसर्गात ती कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढते आणि आपल्याकडे नेमकी तिथेच फसगत होते. ज्या काळ्या जमिनीत ऊस जोमाने येतो, तिथे हेही येईल, अशा समजुतीने मी पहिली लागवड नदीकाठी जूनअखेरीस केली. ऑगस्टमध्ये भर पावसात पाने मलूल दिसू लागली, म्हणून एक रोप उपटले, तर मुळाची साल ओल्या कागदासारखी बोटांना चिकटून निघाली.

तेव्हापासून ऑगस्टच्या आरंभी केवळ फाटे कलमे करून ठेवतो. तीन-चार पानांच्या जोड्या असलेले 10 ते 12 सेंटिमीटरचे शेंडे कापून, खालची पाने काढून, वाळूमिश्रित मातीत आडोशाला लावले, की महिनाभरात ते मुळे धरतात. मुख्य लागवड सप्टेंबरच्या मध्यावर, पाऊस ओसरल्यावरच करावी. पन्हाळा-शाहूवाडीकडील तांबडी, निचऱ्याची माती उत्तम; काळ्या मातीत फूटभर उंच वरंबे करून त्यांत 60 आणि रोपांत 45 सेंटिमीटर अंतर राखावे. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींमुळे वांगी किंवा टोमॅटो निघालेला वाफा टाळावा आणि शेणखताबरोबर निंबोळी पेंड द्यावी. फुलांचे तुरे, दिसायला कितीही देखणे असले तरी, खुडावेत. नाहीतर मुळे पोसत नाहीत.

साधारण पाच महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारीत, मुळे काढावीत. लोणच्यासाठी ती धुऊन, साल खरवडून, चिरताच लिंबू पिळलेल्या मिठाच्या पाण्यात टाकावीत, म्हणजे काळी पडत नाहीत. मुळांतील फोर्सकोलिन या घटकाने रक्तदाब उतरतो. त्यामुळे रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळांची पूड घेऊ नये. काढणीच्या दिवशीच चार-पाच निरोगी शेंडे कुंडीत लावून ठेवावेत, म्हणजे ऑगस्टच्या कलमांची सोय होते.