ऑड्स दुप्पट म्हणजे धोका दुप्पट नव्हे

आरोग्याच्या बातम्यांत ‘ऑड्स रेशो 2’ दिसला की ‘धोका दुप्पट’ असं सर्रास छापलं जातं आणि वाचणारा उगाच घाबरतो. खरा आकडा पाठकोऱ्या कागदावर अर्ध्या मिनिटात काढता येतो.

फासा टाकल्यावर सहा पडण्याची संभाव्यता 6 पैकी 1. ऑड्स मात्र 1 ला 5, कारण तिथे एकूण शक्यतांनी नाही, तर न घडणाऱ्या शक्यतांनी भागायचं असतं. ऑड्स रेशो म्हणजे एका गटाचे ऑड्स भागिले दुसऱ्या गटाचे ऑड्स, उदाहरणार्थ एखादं औषध घेणारे आणि न घेणारे.

समजा, मूळ धोका, म्हणजे औषध न घेणाऱ्यांचा, 50 टक्के आहे:

1. ‘घडेल’ भागिले ‘घडणार नाही’ करा. 50 भागिले 50, ऑड्स 1.
2. त्याला ऑड्स रेशोने गुणा. 1 गुणिले 2, नवे ऑड्स 2.
3. नव्या ऑड्सना ‘ऑड्स अधिक 1’ने भागा. 2 भागिले 3, साधारण 67 टक्के.

50 चे 67 झाले, 100 नाही. मूळ धोका 1 टक्का असता तर उत्तर 1.98 टक्के आलं असतं, म्हणजे जवळजवळ दुप्पटच. सगळा फरक मूळ टक्केवारीचा आहे, म्हणून आधी ती शोधा. बातमीत ती नसेल तर त्या आकड्यावर विसंबून चालू औषध बंद करू नका.

सट्ट्याचे भावही ऑड्सच, पण ब्रिटनमध्ये त्यांत न घडण्याची बाजू आधी लिहितात. 2015-16 च्या हंगामाआधी लेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब प्रीमियर लीग जिंकेल याला 5000 ला 1 भाव होता, म्हणजे 5001 पैकी 1, फक्त 0.02 टक्के. ते जिंकले.