एसीचा प्रेशर सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ अंशांच्या वर गेला की गाडीच्या एसीची एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी एसी थंडगार असतो, दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की गरम हवा येते, आणि होटगी रोडला वेग धरला की पुन्हा थंड. कुणीतरी सांगतं, प्रेशर सेन्सर गेलाय. सेन्सर बदलला जातो, वर थोडा गॅसही मारला जातो, आणि तक्रार जशीच्या तशी राहते. कारण सेन्सर खोटं बोलतच नव्हता, लाइनमधलं प्रेशर खरोखरच चढलं होतं.

हा सेन्सर हाय साइडच्या, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या पाइपवर, बहुतेक गाड्यांत कंडेन्सरच्या (गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या) आसपास बसवलेला असतो. प्रेशर साधारण २ बारच्या खाली असेल, म्हणजे गॅस जवळपास संपलेला असेल, तर इसीयू (गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर) कॉम्प्रेसर लावूच देत नाही. ते ३० बारच्या आसपास पोहोचलं तर इसीयू कॉम्प्रेसर बंद करतो. मधल्या पट्ट्यात फॅन कधी जोरात फिरवायचा हेही याच आकड्यावर ठरतं. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. म्हणून एसी मधूनमधून बंद पडत असेल तर पहिला प्रश्न हा: सेन्सरने दाखवलेलं प्रेशर खरं आहे का? हे प्रेशर मोजणारं गेज लावल्याशिवाय कळत नाही.

तपासणी भर दुपारी करणं

उन्हात उभ्या गाडीत कंडेन्सर एका तापमानाला, कूलिंग कॉइल दुसऱ्या आणि इंजिनजवळचे पाइप तिसऱ्याच तापमानाला असतात. तेव्हा मिळालेल्या आकड्याची तुलना कशाशीच करता येत नाही. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॉनेट उघडा, कंडेन्सरजवळ थर्मामीटर ठेवा, हाय साइडला गेज लावा आणि फक्त इग्निशन ऑन करून स्कॅनरवर (इसीयूला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) एसी प्रेशरचा लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी सांगत असलेला आकडा बघा.

बंद सिस्टिममध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी आर-१३४ए या एसीच्या गॅसचं प्रेशर तापमानावरच ठरतं. २५ अंशांना गेजवर साधारण ८१ पीएसआय दिसायला हवेत, ३० ला ९७, ३५ ला ११४ आणि ४० ला १३३. म्हणजे मे महिन्यातल्या सकाळी २८ अंश असतील तर ९० च्या आसपास.

आता तीन आकडे शेजारी ठेवा: तापमानावरून यायला हवा तो, गेजचा आणि स्कॅनरचा. तिन्ही जुळले तर सेन्सर या टप्प्यावर बरोबर आहे. गेज आणि तापमान जुळतंय, स्कॅनर मात्र भलतंच दाखवतोय, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग संशयित. गेज आणि स्कॅनर जुळतायत पण दोन्ही आकडे तापमानाच्या मानाने बरेच जास्त आहेत, तर सिस्टिममध्ये हवा शिरली आहे किंवा भलत्याच गॅसची भेसळ आहे. दोन्ही आकडे बरेच कमी असतील तर गॅस गळालाय.

दोन गोष्टींत गफलत होते. पहिली, काही स्कॅनर अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून दाखवतात, ते गेजपेक्षा सुमारे १ बार जास्त असतं. गेजवर ६.३ बार आणि स्क्रीनवर ७.३ दिसले म्हणून चांगला सेन्सर फेकू नका. आकडा किलोपास्कलमध्ये असेल तर १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय. दुसरी, उभ्या गाडीतलं प्रेशर बरोबर आलं म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नाही. निम्मा गॅस गेला तरी हाच आकडा येतो. गॅस किती आहे हे तो मशीनने काढून वजन केल्यावरच कळतं.

मग इंजिन चालू करून एसी लावा आणि गेज व स्कॅनर दोन्हीकडे लक्ष ठेवा. दोन्ही आकडे बरोबरीने चढायला हवेत. गेज २२० पीएसआयवर गेलं आणि स्कॅनर १०० वरच अडकला, तर ते अडकलेल्या सेन्सरचं लक्षण आहे. असा सेन्सर बऱ्याचदा कोडही (स्कॅनरवर दिसणारा दोषाचा क्रमांक) टाकत नाही, कारण त्याचा सिग्नल ठरलेल्या हद्दीतच असतो, फक्त चुकीचा असतो. हा दोष पकडायला सकाळची तुलना आणि ही चालू तपासणी दोन्ही लागतात.

कोड वाचून थेट पार्ट मागवणं

पी०५३२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, पी०५३३ म्हणजे फार जास्त. हे कोड सर्किटबद्दल बोलतात, सेन्सर मेला असं म्हणत नाहीत. पावसाळ्यात कपलरमध्ये (सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी शिरून पिना हिरव्या पडतात, उंदीर वायर कुरतडतात, धुलाई केंद्रावर बॉनेटमध्ये जोराचं पाणी मारलं की कपलरचं सील हलतं. आधी कपलर काढून नीट बघा.

तीन वायरच्या सेन्सरमध्ये एक ५ व्होल्टचा सप्लाय, एक अर्थ (निगेटिव्हची वायर) आणि एक सिग्नल असतो. कपलर काढून सप्लायवर ५ व्होल्ट येतात का ते मोजा. येत नसतील तर सेन्सरला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत तोच ५ व्होल्ट इंजिनच्या इतर सेन्सरनाही जातो, आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की सगळ्यांचाच सप्लाय बसतो. ते कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

अर्थची तपासणी कपलर लावलेला ठेवून, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून करा. सेन्सरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थ कच्चा आहे. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान फिरतो. गाडी थंड उभी असताना बऱ्याच सेन्सरवर तो १ ते दीड व्होल्ट असतो आणि एसी चालू झाला की चढतो. आकडा बघत वायर हलक्या हाताने हलवा. तो उडाला तर दोष वायरमध्ये आहे.

जाड टेस्टर कपलरच्या भोकात खुपसू नका. आतली पत्ती पसरते आणि नसलेला लूज कनेक्शन तयार होतो. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प ५ व्होल्टच्या लाइनला कधीच लावू नका. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या काही मॉडेलमध्ये सेन्सरचा सिग्नल पल्सच्या रूपात जातो, तिथे साध्या मल्टिमीटरचा आकडा दिशाभूल करतो. त्या गाड्यांत लाइव्ह डेटावरच भरवसा ठेवा.

‘डायरेक्ट’ करून बघणं

जुन्या गाड्यांत दोन पिनांचा साधा प्रेशर स्विच असायचा. त्याच्या दोन वायर जोडून कॉम्प्रेसर लागतो का ते बघायची सवय तिथूनच आली. तीन वायरच्या सेन्सरवर हेच केलं तर ५ व्होल्टची लाइन अर्थला भिडते आणि इसीयूला धोका होतो. जुन्या स्विचवरही गेजवर गॅस असल्याची खात्री करूनच, तेही काही सेकंदच. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं. गॅस नसताना तो चालवला तर कोरडा फिरून जाम होतो.

‘टक’ असा आवाज आला नाही म्हणून कॉम्प्रेसर लागलाच नाही, असंही समजू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत असा आवाज करणारा कॉम्प्रेसरचा क्लचच नसतो.

प्रेशर चढण्याचं खरं कारण न शोधणं

सिग्नलला गरम आणि वेगात थंड, या तक्रारीत बहुतेक वेळा कंडेन्सरला हवा मिळत नसते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून पंढरपूर रस्त्याला फिरलेली गाडी असेल तर जाळीत पाचटाचा भुगा, धूळ आणि किडे भरलेले सापडतील. एसी लावला की फॅन दोन्ही गतींना फिरतो का ते बघा. फक्त मंद गती चालत असेल तर रिले, रेझिस्टर किंवा मोटर तपासा. कंडेन्सर धुताना पाणी कमी दाबाने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर मारा. प्रेशर वॉशरने जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

४० अंशांच्या दुपारी हाय साइडला २२० ते २९० पीएसआय दिसणं नेहमीचं आहे. ते बघून घाबरून गॅस सोडू नका. आणि ‘थोडा टॉप-अप’ तर त्याहून वाईट: अंदाजाने भरलेला जास्तीचा गॅस प्रेशर चढवतो, मग इसीयू कॉम्प्रेसर बंद करतो आणि बोल सेन्सरला लागतो.

सेन्सर सरळ फिरवून काढणं

काही गाड्यांत सेन्सरखाली ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, त्यामुळे तो गॅस न काढता निघतो. पण सगळ्या गाड्यांत नाही. पिन नसेल तर सुटणारा गॅस डोळे आणि हात भाजून काढतो, थंडीने. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री नसेल तर आधी मशीनने गॅस काढून घ्या. चष्मा आणि हातमोजे दोन्ही वेळी हवेत.

नव्या सेन्सरला नवीन ओ-रिंग, तीही एसीसाठीचीच, आणि तिला कॉम्प्रेसरच्याच जातीचं थोडं ऑइल लावा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे पटकन खराब होतात, म्हणून हाताने बसवून मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच कसा. गॅस काढला असेल तर किमान अर्धा तास व्हॅक्यूम करा, मशीन बंद करून सुई टिकते का बघा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजनाने भरा. सेन्सरच्या मुळाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा, कोड पुसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर तापमान, गेज आणि स्कॅनरचे तिन्ही आकडे पुन्हा एकदा घ्या.