वैद्यकीय ग्रंथालयाची जागा आखताना: नव्या ग्रंथपालांसाठी

इमारत समितीत तुमचं नाव आलं की पहिल्याच बैठकीत आर्किटेक्ट विचारतील, ‘पुस्तकं किती आहेत?’ आकडा जरूर द्या, पण लगेच पुढचा प्रश्न तुम्हीच मांडा: एका वेळी माणसं किती बसणार, कोणती, आणि कशासाठी? माझ्या अनुभवात वैद्यकीय ग्रंथालयाचा नकाशा सुधारतो किंवा बिघडतो तो इथेच.

आपल्या क्षेत्रात छापील साहित्य फार वेगाने आटलं. १८७९ साली सुरू झालेलं ‘इंडेक्स मेडिकस’, म्हणजे वैद्यकीय लेखांची सूची, छापील रूपात २००४ साली बंद झालं. त्याच्या आधीच, १९९७ पासून, वैद्यकीय लेख शोधण्याचं पबमेड हे संकेतस्थळ सर्वांना मोफत खुलं झालं होतं. ज्या खंडांनी भिंतीच्या भिंती व्यापल्या होत्या, त्यांचं काम आता पडद्यावर होतं. विद्यार्थ्यांची गर्दी मात्र कमी झाली नाही. वसतिगृहात शांतता नसते आणि वॉर्डात बसायला जागा नसते, म्हणून ते आपल्याकडे येतात.

त्यामुळे नकाशाच्या आधी मोजणी करा. एक सामान्य आठवडा आणि एक परीक्षेचा आठवडा निवडा, दर तासाला फेरी मारा आणि कोणत्या खुर्चीवर कोण काय करतंय ते टिपून ठेवा. नोंदी वाचताना थक्क व्हायला होतं. पहिल्या वर्षाची मुलं हाडं समोर ठेवून मोठ्याने पाठ करत असतात. निवासी डॉक्टरांना दोन ड्युट्यांच्या मध्ये मिळालेला तासभर कोपऱ्यात एकट्याने काढायचा असतो. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या तुकड्या आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे एकदम येतात. या सगळ्यांना एकाच वाचनकक्षात बसवलं की कोणाचाच अभ्यास होत नाही.

गटचर्चेच्या खोल्यांवर मी सर्वात जास्त भांडते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली समस्याधारित शिक्षणाने (छोट्या गटात एखादी समस्या सोडवत शिकण्याने) वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला, पुढे ही पद्धत जगभर पसरली आणि छोटे गट अभ्यासाचं रोजचं एकक झाले. सहा ते आठ जणांच्या खोल्या हव्यात, वीस जणांचा एक हॉल नव्हे. हॉलचा ताबा एकच गट घेतो आणि बाकीचे दाराबाहेर ताटकळतात. दर्शनी बाजूला काच ठेवा, म्हणजे खोली रिकामी आहे की नाही हे लांबूनच कळतं. मात्र खोल्यांमधल्या भिंती वरच्या स्लॅबपर्यंत नेलेल्या आहेत ना, हे छेदचित्रात (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या नकाशात) स्वतः पाहा. भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबली, तर शेजारच्या खोलीतला शब्द न् शब्द वरून ऐकू येतो. नंतर ती वाढवायची म्हणजे छत उघडावं लागतं.

हाडांचे संच आणि मॉडेल यांची कपाटं या खोल्यांच्या जवळ, पण देवघेव काउंटरच्या नजरेत ठेवा. तिथली टेबलं पुसता येतील अशीच घ्या.

दुसरा मुद्दा जमिनीचा. पुस्तकांचं वजन लोकांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ जास्त असतं, आणि गुळगुळीत कागदावरचे वैद्यकीय खंड तर आणखी जड. अमेरिकेतल्या भारमानकात वाचनकक्षासाठी दर चौरस मीटरला सुमारे २९० किलो भार धरतात, तर रॅकच्या भागासाठी सुमारे ७३०. म्हणजे आज जिथे टेबलं आहेत तिथे उद्या रॅक सरकवता येईलच असं नाही. रुळांवर सरकणाऱ्या रॅकना तर त्याहूनही मजबूत जमीन लागते, म्हणून त्या शक्यतो जमिनीलगतच्या मजल्यावर घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच महिन्यात भेटा आणि कोणता भाग किती भार घेईल हे लेखी मागा. रॅकचा संग्रह पुढे कमी झाला की त्या मजबूत जागेत टेबलं मांडता येतात, उलटं सहसा जमत नाही.

रात्रीचा अभ्यास वेगळा विचार मागतो. संपूर्ण ग्रंथालय चोवीस तास उघडं ठेवायची गरज नसते. स्वतंत्र दार, आतच स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी, पहारेकऱ्याला सरळ दिसणारी बैठक, एवढा एक भाग वेगळा काढता आला पाहिजे. वॉर्डातून थेट येणाऱ्यांसाठी दाराशीच हात धुण्याची सोय, एप्रन अडकवायला जागा आणि लॉकर ठेवा.

प्लगच्या बाबतीत थोडक्यात सांगते: प्रत्येक आसनाला एक. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स प्रकाश मागा. व्हीलचेअरला पूर्ण वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. ते नकाशावर फर्निचर मांडल्यानंतर तपासा, आधी नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या कामाची जागा विसरू नका. पद्धतशीर आढाव्यासाठी, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन शोधून तपासण्यासाठी, शोध आखायला संशोधक तुमच्याकडे येतील, तास-तासभर बसतील. ते काम देवघेव काउंटरवर उभ्याने होत नाही. दोन खुर्च्या, दोन पडदे आणि बंद होणारं दार असलेली छोटी खोली मागून घ्या.

खर्चात कपात सुरू झाली की पहिली कात्री ध्वनिरोधनावर आणि प्लगवर चालते, कारण त्या गोष्टी चित्रात दिसत नाहीत. तिथे अडून बसा. त्याऐवजी शोभेची भिंत सोडा, महागडा स्वागतकक्ष सोडा, काही रॅकसुद्धा सोडा. आणि जे ठरलं ते त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्या.