सर्बियन व्याकरण, सीबीटीवर उभं राहून

भाचीचं सर्बियाला जायचं ठरलं आणि तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोबाईलवर सात विभक्त्यांचा तक्ता काढून वहीत उतरवला. तिसऱ्या दिवशी वही मिटली. मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर होतो, तिथनंच दोन वर्षं सर्बियातल्या नोव्ही साद शहरात कामाला जाऊन आलो. तिला म्हटलं, तक्ता राहू दे. बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे मोठ्या बसस्टँडवर, उभी राहिलीस की लोकांना काय काय विचारतेस, तेवढंच लिहून काढ. व्याकरण त्यात आपोआप येतंय.

आधी उच्चार, तो पटकन होतो. त्यांच्या बोलण्यात आपला ट, ड नाही; त, द आहे. तिकिटाला कार्ता, किमतीचा प्रश्न 'कोलिको कोश्ता?'. स्टेशनला 'स्तानित्सा', आणि यातला त्स म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. हिंदीवाल्याला तो घोटून बसवावा लागतो, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे. लिपी दोन चालतात, सिरिलिक आणि रोमन. सिरिलिकमध्ये अक्षरं तीसच, आणि लिहिलंय तसंच वाचायचं. वुक कारादझिच या माणसानं एकोणिसाव्या शतकात हा नियम घालून दिला. त्याचा शब्दकोश 1818 सालचा. फसवणारी अक्षरं थोडीच आहेत: इंग्रजी पी दिसलं तर र, एच दिसलं तर न, बी दिसलं तर व, सी दिसलं तर स. बसच्या पाट्यांवर ही चार रोज भेटतात.

आता खरं काम. एक गाव घ्या, सुबोतित्सा. नोव्ही सादहून उत्तरेला शंभरेक किलोमीटर, हंगेरीच्या सीमेला लागून. तिथल्या पाट्यांवर सर्बियनच्या जोडीला हंगेरियन असतं, गावाला हंगेरियन नावही वेगळं आहे. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा त्या पाट्यांकडं बघत बराच वेळ उभा होतो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

या गावाचं नाव घेऊन तीन प्रश्नांची उत्तरं द्या:

कुठं चाललास? 'इदेम उ सुबोतित्सु.' सुबोतित्साला चाललोय.
कुठं आहेस? 'या साम उ सुबोतित्सी.' सुबोतित्सात आहे.
कुठला? 'इझ सुबोतित्से साम.' सुबोतित्साचा आहे.

पहिल्या दोन्हीत 'उ' तोच आहे, शेपूट बदललं. आपण 'निपाणीला' आणि 'निपाणीत' यात जो फरक करतो तोच. आणि सीमाभागातल्या माणसाला हे तिसऱ्यांदा शिकायचंय: कन्नडमधलं बेळगाविगे (बेळगावला), बेळगावियल्लि (बेळगावात), बेळगावियिंद (बेळगावहून) हे आपण कंडक्टरशी बोलताना विचार न करता म्हणतोच की. म्हणून रट्टा मारू नका. आधी मनात मराठीतून प्रश्न विचारा, ला येतंय की त येतंय ते बघा, मग सर्बियन शेपूट लावा. आ-नं संपणाऱ्या नावांना हे असं चालतं. बेओग्राद, म्हणजे बेलग्रेड, यासारखं व्यंजनानं संपणारं गाव असेल तर आणखी सोपं: जायचं असेल तर 'उ बेओग्राद', तिथं असाल तर 'उ बेओग्रादु'.

'इझ' आणि 'झा' यांत मात्र गोंधळ करू नका. 'झा' म्हणजे त्या गावाला जाणारी गाडी, 'इझ' म्हणजे त्या गावाहून येणारी. मी खिडकीवर 'आउतोबुस इझ सुबोतित्से, कादा?' असं विचारलं. बाईंनी कागदावर वेळ लिहून दिली. त्या वेळेला गाडी आलीही, पण सगळी माणसं पिशव्या घेऊन खाली उतरली आणि गाडी रिकामी झाली. ती सुबोतित्साहून आली होती. सुबोतित्साला जाणारी तोवर सुटून गेली होती. बाईंची काही चूक नव्हती, मी विचारलं तेच त्यांनी सांगितलं. विचारायचं होतं ते असं: 'कादा पोलाझि आउतोबुस झा सुबोतित्सु?', सुबोतित्साला जाणारी गाडी कधी सुटते? हा 'कादा' म्हणजे शाळेत संस्कृतात शिकलेला 'कदा'च, दोन्ही भाषांचं मूळ दूरवर एकच आहे.

तिकीट काढताना आकडा नामाला बदलतो, हे तेवढं पाठच करा. 'येद्नु कार्तु दो सुबोतित्से, मोलिम', सुबोतित्सापर्यंत एक तिकीट द्या. 'दो' म्हणजे पर्यंत. दोन, तीन, चार तिकिटं असतील तर 'कार्ते': द्वे कार्ते, त्रि कार्ते, चेतिरि कार्ते. पाचापासून विसापर्यंत 'काराता': पेत काराता. दोनापासून चारापर्यंत एक रूप, पाचाला दुसरं. भाचीला मी चहाचे कप मांडून हे करून घेतलं, पाचवा कप ठेवला की तिनं रूप बदलायचं.

हो-नाहीचा प्रश्न आपण शेवटी 'काय' लावून विचारतो: ही गाडी खानापूरला जाती काय? त्यांचा 'काय' वाक्याच्या तोंडाला येतो, 'दा लि'. 'दा लि ओवाय आउतोबुस इदे उ सुबोतित्सु?' बाकी वाक्य साध्या वाक्यासारखंच राहतं. आणि 'बसनं जातो' याला वेगळा शब्द नाही, आपल्या 'नं'सारखं शेपूटच: आउतोबुसोम. ट्रेननं असेल तर वोझोम.

एका ठिकाणी मात्र आपली बोली आडवी येते. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. भाची तशीच बोलते, तिची आईही. पण सर्बियनमध्ये पुरुष 'दोशाओ साम' म्हणतो आणि बाई 'दोश्ला साम'. मी शिकवलं म्हणून भाची आठवडाभर 'दोशाओ'च म्हणत होती, आणि ती चूक माझ्या ध्यानात यायला तेवढेच दिवस गेले, कारण कानाला ते खटकतच नव्हतं. आता घरात शिरताना ती दारातच 'दोश्ला साम' म्हणते, मगच चप्पल काढते. तुम्हीही घरात कुणाला तरी ऐकायला बसवा.

अनोळखी माणसाला 'ति' नको, 'वि' म्हणा. आपलं तू आणि तुम्ही. हाक मारताना नाम बदलतं, आपल्या संबोधनासारखं. ड्रायव्हरला तिथं 'माय्स्तोरे' म्हणतात, आपण 'मेस्त्री' म्हणून हाक मारावी तसं. उतरायची जागा जवळ आली की म्हणायचं, 'माय्स्तोरे, स्तानिते ओव्दे, मोलिम वास.' मेस्त्री, इथं थांबवा.