टीव्हीचे चित्र फुटते तेव्हा आधी घरातील उपकरणे तपासावीत
केबल किंवा अँटेनावरील चित्र ठरावीक वेळीच चौकोनांत फुटत असेल, तर तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स चालू ठेवून घरातील इतर उपकरणे एकेक करून बंद करावीत. जे बंद करताच चित्र स्थिर होते, तेथेच बहुधा दोष असतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशमधील ठिणग्यांवर संशय लगेच जातो, परंतु स्वस्त एलईडी दिव्यातील किंवा चार्जरमधील, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे सर्किट अधिक फसवे, कारण ते निमूटपणे रेडिओ लहरींचा गोंगाट पसरवत असते. दिवा बदलूनही फरक पडला नाही, तर कोॲक्सियल केबल, म्हणजे टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सपर्यंत सिग्नल आणणारी गोल तार, विजेच्या तारांपासून फूटभर दूर न्यावी आणि सैल झालेला कनेक्टर घट्ट बसवावा.